कोंडवाड्यातली साक्ष

आमच्या गावात कोंडवाड्यातून गाय सोडवून न्यायची तर दोन गोष्टी लागत. एक, ग्रामपंचायतीची पावती. दुसरी, गायीची संमती.

पावती सचिव फाडून देत. संमती घ्यायचं काम श्रावणकाका गभणे करत, आणि ते काम त्यांना कोणीही दिलेलं नव्हतं.

श्रावणकाका ग्रामपंचायतीचे शिपाई. दवंडी देणं, ऑफिस झाडणं, सरपंचांची खुर्ची पुसणं ही कामंही ते करत, पण दुसऱ्याची कामं केल्यासारखी. त्यांचा जीव कोंडवाड्यात. कुणाचं जनावर कुणाच्या पिकात शिरलं की शेतवाला ते हाकत आणून तिथं घालतो, आणि मालक येईपर्यंत ते चार भिंतींच्या आत राहतं. आमच्या भंडाऱ्याकडे धान उभं असतानाच ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, लाखोरीच्या डाळीचं बी फेकून ठेवतात. धान कापलं की खाली हिरवीगार लाखोरी दिसू लागते, आणि ती पाहून शहाण्यातल्या शहाण्या गायीचा तोल जातो. त्यामुळे दिवाळीपासून होळीपर्यंत कोंडवाडा भरलेला आणि श्रावणकाका आनंदात असत.

इतर गावचे शिपाई पावती पाहिली की फाटक उघडतात. श्रावणकाका पावती घडी करून टोपीत ठेवत आणि म्हणत, "ठीक हाये. आता तिले इचारू."

विचारायची त्यांची रीत ठरलेली होती. मालकानं आणखी चार माणसांबरोबर रांगेत उभं राहायचं. हात पाठीमागे. तोंडानं आवाज काढायचा नाही, खिशात ढेप ठेवायची नाही. मग गाईचा दोर हातात धरून श्रावणकाका तिला रांगेसमोर आणत. ती आपण होऊन मालकाजवळ गेली, त्याचा हात हुंगला, की एक साक्ष झाली. मग माणसांच्या जागा बदलायच्या आणि पुन्हा तेच. असं तीनदा.

"तीनदा कायले, काका?" मी एकदा विचारलं होतं.

"एकदा गेली तं वारा तिकडून होता मनून गेली. दोनदा गेली तं योगायोग. तीनदा गेली तं तिच्या मनात हाये."

पुढे भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्राणिशास्त्राच्या सरांनी प्रयोग पुन्हा पुन्हा का करावा हे आम्हांला तासभर समजावलं. मुलं भराभर लिहून घेत होती. मी पेन खाली ठेवून बसलो होतो. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला, त्यामुळे वर्गात मला बहुतेक गोष्टी नव्या असत. ही एक मात्र मी सातवी नापास माणसाकडून आधीच शिकून आलो होतो.

साक्षीमुळे गावात पुष्कळ भानगडी झाल्या. सगळ्यांत गाजली ती पाटलांच्या म्हशीची. पाटील, म्हणजे आमचे माजी पोलीस पाटील, पावती घेऊन ऐटीत रांगेत उभे राहिले. म्हैस आली, पाटलांसमोरून जशी भिंतीसमोरून जावी तशी गेली, आणि गंमत बघायला फाटकाशी उभ्या असलेल्या पार्वताबाईंच्या कमरेला तिनं डोकं टेकवलं. पार्वताबाई पाटलांकडे शेणगोठ्याला होत्या. एकदा झालं, दोनदा झालं, तीनदा झालं.

"अबे, मी मालक हाये तिचा!" पाटील ओरडले.

"असान ना, पाटील," श्रावणकाका नम्रपणे म्हणाले, "पण हे तिले अजून कोणी सांगतलं नाही."

म्हैस शेवटी पार्वताबाईंच्या मागून घरी गेली आणि पाटील म्हशीच्या मागून. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर पाटील स्वतः गोठ्यात पेंढा टाकताना दिसत. पाटलीणबाई म्हणत, "पंचवीस वर्सांत मले कधी पानी नाही देल्लं या माणसानं." एकूण गावावर परिणाम चांगला झाला. उद्या आपली गाय कोंडवाड्यात गेली तर चारचौघांत आपल्याला ओळखेल ना, या धास्तीनं बरेच पुरुष गोठ्यात जाऊ लागले.

जनावरांविषयी कोणी ढोबळ बोललेलं श्रावणकाकांना खपत नसे. ग्रामसभेत एकदा आरडाओरडा झाला तेव्हा सरपंच म्हणाले, "जनावरासारखे वागू नका!" मागून शिपाई उठून उभा राहिला. "कोणत्या जनावरासारखे, सरपंचसाहेब? नाव घ्या. म्हैस एक वागते, बकरी एक वागते." सरपंच म्हणाले, "श्रावण, चहा आण." श्रावणकाका चहा आणायला गेले, पण जाता जाता म्हणाले, "बकरी अशी एकमेकीचं बोलणं तोडत नाही. मी पायलं हाये."

ते खरंच पाहत. संध्याकाळी गावातली गुरं आखरावरून, म्हणजे गावाबाहेरच्या गुरांच्या तळावरून, परतत तेव्हा ते पाटी घेऊन कोंडवाड्याच्या दगडावर बसत आणि पुढे कोण, मागे कोण, हे खडूनं लिहीत. आम्ही सगळे समजत होतो की कळपाच्या पुढे सांड चालतो. त्यांनी महिनाभर लिहून दाखवून दिलं की सांड नेहमी दहावा-बारावा असतो. पुढे असते ती एक म्हातारी काळी गाय. ती थांबली की सगळे थांबतात.

"मंग सांडाचं काय काम, काका?"

"आपण पुढं हावो असं त्याले वाटते. तेवढंच."

त्या दगडावर पूर्वी दोघे बसत. श्रावणकाका आणि त्यांच्या समोरच्या घरातले मारोतीकाका निंबार्ते. दोघे एका वयाचे. एकाच तळ्यात पोहायला शिकलेले, एकाच वर्षी सातवीत नापास झालेले. श्रावणकाकांची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. रोज संध्याकाळी मारोतीकाका तंबाखूची डबी घेऊन येत, श्रावणकाका चुना काढत, आणि गुरं घरी जाईपर्यंत दोघे बसत. बोलत फारसे नसत. पण मी जाणता झालो त्याच सुमारास हे बसणं कायमचं बंद झालं, आणि ते बंद पडलं एका साक्षीमुळे.

मारोतीकाकांच्या सासऱ्याला मुलगा नव्हता. म्हणून त्याआधी दोन वर्षं ते सासुरवाडीला, आसगावला राहून तिकडची शेती सांभाळत होते. तिथं त्यांनी एक गोऱ्हा वाढवला. आई मेलेला, हातानं दूध पाजलेला, कोशाच्या रेशमी कापडासारख्या पिवळट रंगाचा. वडील आजारी पडल्याचा निरोप आला तेव्हा मारोतीकाका बैलबंडीच्या मागे गोऱ्हा बांधून गावी आले. चार दिवसांत वडील वारले. त्या गडबडीत गोऱ्ह्यानं दावं तोडलं, कुणाच्या तरी लाखोरीत शिरला आणि कोंडवाड्यात पोचला. गावात त्याला अजून कोणी धड पाहिलेलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात आंधळगावचे नत्थूजी बांते आपला हरवलेला गोऱ्हा शोधत आले. त्यांचाही पिवळट, त्यांचाही तेवढाच. कोंडवाड्यात पाहताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हाच जी, हाच!" म्हणाले.

मारोतीकाका म्हणाले, "आसगावावरून माणसं आणतो. ते सांगतीन."

श्रावणकाका म्हणाले, "माणसं कायले? ज्याचं त्याले इचारू."

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव जमलं. रांग लागली. श्रावणकाकांनी दोर धरला. गोऱ्हा मारोतीकाकांपाशी आला, फुर्र करून मागे सरला आणि नत्थूजींकडे गेला. जागा बदलल्या. पुन्हा नत्थूजी. तिसऱ्यांदाही नत्थूजी.

मारोतीकाका म्हणाले, "श्रावण, तो माहा गोऱ्हा हाये."

श्रावणकाका मान खाली घालून म्हणाले, "मारोती, जनावर खोटं बोलत नाही."

"मंग मी बोलतो?"

एवढंच. मारोतीकाका घरी गेले. तेरवीला आलेली आसगावची माणसं आदल्या दिवशीच परतली होती; त्यांना त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. "मी चोर नाही हे दाखवाले साक्षीदार आणू?" असं ते घरात म्हणाले, असं काकूंनी माझ्या आईला सांगितलं. त्या दिवसापासून नऊ वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

समोरासमोर घरं, मधे सहा हातांचा रस्ता, आणि बोलायचं नाही, हे सोपं नसतं. एक बाहेर आला की दुसरा आत जाई. पण कधी सांगणं भागच असे. तेव्हा श्रावणकाका मारोतीकाकांच्या बकरीशी बोलत. "ऐकलं का वं बकरे, उद्या तलाठी येऊन राहिला. ज्याचा सातबारा बाकी असन त्यानं जाऊन यावं." मारोतीकाका आत बसून ऐकत आणि सकाळी तलाठ्याकडे जात. बकरीला सगळी सरकारी माहिती असे. उत्तर मात्र त्या घरातून कधी आलं नाही, बकरीकरवीही नाही.

आता यात माझा हात कसा लागला ते सांगतो.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सरांनी आम्हांला जर्मनीतल्या एका घोड्याची हकिगत सांगितली. मी दिवाळीच्या सुटीत घरी आलो तो ती गोष्ट उराशी धरूनच. खरं सांगायचं तर मला थोडी शेखी मिरवायची होती. श्रावणकाका दगडावर बसले होते. मला पाहून म्हणाले, "ये गा, बीएस्सी. काय नवीन?" परीक्षा व्हायची होती, पण ते मला आधीपासूनच बीएस्सी म्हणत.

मी सांगितलं, "काका, जर्मनीत एक घोडा होता. त्याला गणित यायचं. मालकानं विचारलं, तीन आणि दोन किती, की तो पाच वेळा खूर आपटायचा. मोठमोठे लोक बघून गेले. मालकाची काही लबाडी नव्हती. मग एका माणसानं शोध लावला. ज्याला स्वतःला उत्तर माहीत नाही असा माणूस प्रश्न विचारायला उभा केला की घोड्याला गणित येत नसे."

"काहून?"

"कारण घोडा आकडे मोजतच नव्हता. तो विचारणाऱ्याचं तोंड बघत होता. बरोबर आकडा आला की त्या माणसाची मान किंचित हलायची. ती हलली की घोडा थांबायचा."

श्रावणकाकांनी मांडीवर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! गणित तं चौथीतला पोट्टा करते. माणसाचं तोंड वाचणं किती कठीण हाये! मोठा हुशार घोडा होता, बीएस्सी. त्या लोकायनं त्याले पास केलं का नापास?"

"नापासच म्हणायचं."

"पाय बरं! तपासणारेच कच्चे होते."

आमच्या सरांनाही हे सुचलं नव्हतं. मी कौतुकानं बघत राहिलो. पण त्यांचं हसू हळूहळू ओसरत गेलं.

"त्या मालकाले मालूम नव्हतं, का आपण मान हलवतो?"

"नाही काका. तो अगदी प्रामाणिक होता."

"प्रामाणिक होता," ते म्हणाले. मग बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. "त्या दिवशी दोर माह्या हातात होता, बाबू."

कुठल्या दिवशी, हे मला विचारावं लागलं नाही.

"मारोती माहा दोस्त. मले भेव होतं, का लोक म्हणतीन श्रावणनं दोस्ताकडं दोर ढिला सोडला. मनून मी..." ते थांबले. "ढिला सोडला नाही एवढं खरं. ओढला का काय, ते मले मालूम नाही."

दोन दिवस त्यांनी कोंडवाडा उघडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात उभे. "बीएस्सी, नऊ वर्सांमागं मारोतीले मिशी होती का?"

मी म्हटलं, मारोतीकाकांना मिशी नेहमीच आहे.

"त्या दिवशी होती का?"

हा प्रश्न त्यांनी त्या सकाळी निदान वीस घरी विचारला. लोकांना वाटलं, म्हातारा गेला कामातून. शेवटी न्हाव्यानं सांगितलं, "नव्हती जी. तेरवी होती ना त्यायच्या बापाची. डोकं, मिशी, सारं मीच काढलं होतं."

श्रावणकाका मला हाताला धरून कोंडवाड्यात घेऊन गेले आणि कधी नव्हे ते भराभर बोलू लागले. आमच्याकडे तेरवीला सासुरवाडीची माणसं नवे कपडे आणतात. धोतर, सदरा, दुपट्टा. ते नेसूनच माणूस पुन्हा लोकांत येतो. तेरा दिवस मारोतीकाका गोठ्यात गेले नव्हते, तंबाखू खाल्ली नव्हती. डोक्यावर केस नाही, ओठावर मिशी नाही, अंगाला कोऱ्या कापडाच्या खळीचा वास.

"अन् आवाज काढायचा नाही, हे मीच सांगतलं! गोऱ्ह्यानं ओळखावं तरी कशावरून? त्याच्यापुढं मारोती उभाच नव्हता. कोणीतरी टकला पाहुणा उभा होता. अन् नत्थूजी कसे आलते? गोठ्यातून उठून सीधे! शेणाचा वास घेऊन!" ते दगडावर बसले. "गोऱ्ह्याची चुकी नाही, बीएस्सी. प्रश्न खराब होता."

आम्ही सायकलवर डबल सीट आंधळगावला गेलो. नत्थूजी बांत्यांनी श्रावणकाकांना पाहिलं आणि काही विचारायच्या आतच घरात ओरडून सांगितलं, "चहा ठेव वं, ते पोळ्यावाले आले!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दर पोळ्याले येतात तुमचे काका. बैलाच्या पाया पडतात, त्याच्या कानात काहीतरी इचारतात अन् चालले जातात. नऊ वर्सं झाली. आज पोळा नसून काहून आले?"

मी श्रावणकाकांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते.

येण्याचं कारण सांगितल्यावर नत्थूजी गंभीर झाले. गोऱ्हा आता पोक्त बैल झाला होता. ते त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "खरं सांगू का जी? आणला त्या दिवशी माहा कुत्रा याच्यावर दिवसभर भुंकला. घरच्या जनावरावर तो कधी भुंके नाही. मले तेव्हाच समजाले पायजे होतं. पण कुत्र्याची साक्ष कोण धरते?"

"मी धरली असती," श्रावणकाका म्हणाले.

नत्थूजी पुढल्या बाजाराच्या दिवशी बैल घेऊन यायला तयार झाले. आता साक्ष आवाजावर घ्यायची होती. कोंडवाड्याच्या भिंतीआड पाच माणसं उभी राहून एकेक हाक देणार, त्यांत एक मारोतीकाका. आणि जर्मनीचा धडा घेऊन दोर अशा माणसानं धरायचा, ज्याला या प्रकरणातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही.

असा माणूस सापडेना. आमच्या गावात कोणाला ठाऊक नाही? शेजारच्या गावातही ठाऊक. एस.टी.च्या कंडक्टरला गाठलं तर तो म्हणाला, "मिशीवालं प्रकरण ना?" शेवटी बाजाराच्या आदल्या दिवशी एक कल्हईवाला आला. राजस्थानकडचा, आयुष्यात पहिल्यांदा या बाजूला आलेला. श्रावणकाकांनी त्याला विचारलं, "तुमको हमारे गाव का क्या मालूम है?" तो म्हणाला, "बाबूजी, गाँव का नाम भी नहीं मालूम." श्रावणकाकांनी त्याला लगेच घरी नेऊन जेवू घातलं आणि बाहेर खाट टाकून मी पहाऱ्याला बसलो, त्याला कोणी काही सांगू नये म्हणून.

एक अडचण मात्र राहिली. मारोतीकाकांनी यायला नकार दिला. मी निरोप घेऊन गेलो होतो. ते म्हणाले, "मले बैल नोको, साक्ष नोको. माहं चुरणं पडलं हाये." चुरणं म्हणजे खळ्यावर पसरलेल्या धानावरून बैल गोल गोल फिरवून दाणे मोकळे करणं. ते काम तर होतंच. पण ते माझ्याकडे न बघता बोलले.

मी येऊन सांगितलं. श्रावणकाकांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तोच नाही. मग म्हणाले, "नत्थूजी बैल घेऊन आले हायेत. कल्हईवाला जेवला हाये. साक्ष घेऊन टाकू."

ऊन कोवळं होतं. कल्हईवाल्यानं दोर धरला. "साहब, मारेगा तो नहीं?" नत्थूजींनी त्याला धीर दिला. श्रावणकाकांनी डोळ्यांवर दुपट्टा गच्च बांधला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, म्हणजे त्यांचं तोंड कोणालाच वाचता येऊ नये. भिंतीआडून एकानं हाक दिली. बैल रवंथ करत होता, करत राहिला. दुसऱ्यानं दिली. तिसऱ्यानं दिली. चौथा तर इतका ओरडला की बाजारातून दोघे धावत आले. बैल शेपटीनं माशा वारत होता.

मग कोंडवाड्याच्या पलीकडून, जिथं मारोतीकाकांचं खळं होतं तिकडून, आवाज आला. "हिर्रर्र, हो ऽऽ!" शेवट वर उचललेला. एक फेरी पुरी झाली की ते बैलांना अशी हाक देत.

बैलाचं तोंड हलायचं थांबलं. दोन्ही कान वळले.

"अरे भाई, ये तो उधर देख रहा है!" कल्हईवाला म्हणाला.

श्रावणकाका भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "कोणी बोलू नोका."

खळ्यावर दुसरी फेरी पुरी झाली. "हिर्रर्र, हो ऽऽ!" आता बैलानं सगळं अंग वळवलं. साक्ष चालू आहे हे मारोतीकाकांना माहीत नव्हतं, कल्हईवाल्याला काही माहीत नव्हतं, श्रावणकाकांचे डोळे बांधलेले. आमचे सर असते तर त्यांनी याला उत्तम प्रयोग म्हटलं असतं. मला मात्र त्या वेळी शास्त्र सुचत नव्हतं. तिसरी हाक आली मात्र, बैलानं कल्हईवाल्याला फरफटत नेलं, भिंतीवरून मान बाहेर काढली आणि खळ्याकडे तोंड करून असा हंबरला, जसा म्हाताऱ्या बैलानं हंबरलेलं मी ऐकलेलं नाही. गोऱ्हे तसे हंबरतात.

"किती झाले?" श्रावणकाकांनी विचारलं.

"तीन," मी म्हणालो.

त्यांनी दुपट्टा सोडला. डोळे ओले होते. "गच्च बांधला होता," ते म्हणाले आणि फाटकातून बाहेर पडले. आम्ही मागोमाग गेलो, पण खळ्याच्या थोडं अलीकडेच थांबलो.

मारोतीकाकांनी हंबरणं ऐकलं असणारच. पण ते थांबले नाहीत. चार बैल एका दाव्याला, मागे ते काठी घेऊन, धानावरून गोल गोल. श्रावणकाका त्यांच्या बाजूनं चालू लागले. बोलायचं तर चालत राहणं भाग होतं.

"मारोती, माही चुकी झाली."

मारोतीकाका बैलांना म्हणाले, "हिर्रर्र."

एक फेरी झाली.

"तू दोस्त हायेस मनून मी तुह्याकडं झुकलो नाही. उलटा झुकलो. मले समजलंच नाही गा."

आणखी एक फेरी झाली. नत्थूजी पुढे होऊन म्हणाले, "मारोतीजी, बैल तुमचा हाये. घेऊन घ्या."

मारोतीकाका चालता चालताच म्हणाले, "नऊ वर्सं तुमी चारला. तुमच्याच दावणीले राहू द्या. मी येत जाईन पायाले." मग पहिल्यांदा ते श्रावणकाकांकडे वळले. "अन् तू रे? नऊ वर्सं जनावरायले इचारत फिरला. मले एकदा इचारलं असतं तं?"

श्रावणकाकांना दम लागला होता. "इचारलं असतं अन् तू सांगतलं असतं, तं मले लगेच खरं वाटलं असतं. तू काहीबी सांग, मले खरंच वाटते. तुह्या बाबतीत मले काही पारखताच येत नाही, मारोती. मनून भेव लागे."

मारोतीकाकांनी बैल थांबवले. त्या सकाळी पहिल्यांदाच खळं शांत झालं. त्यांनी श्रावणकाकांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "चप्पल काढ आधी. धानावर चप्पल घालून फिरते का कोणी?"

श्रावणकाका घाईघाईनं खळ्याबाहेर गेले. चपला काढल्या, कडेला नीट जोडून ठेवल्या, पाय झटकले. ते परत येऊन बाजूला उभे राहीपर्यंत मारोतीकाकांनी बैल हलू दिले नाहीत.